शोधनिबंधामागची हकिकत: फसलेले प्रयोग लिहावेत का?

प्रश्न : आमचा शोधनिबंध नुकताच प्रसिद्ध झाला. त्यामागची हकिकत मराठी वाचकांसाठी लिहायची आहे. निबंधात न आलेले फसलेले प्रयोग सांगितले तर काम कच्चं वाटेल का?

उत्तर : नाही. पण ‘प्रयोग फसला’ एवढंच लिहून पुढे गेलात, तर नक्की वाटेल. तो कुठल्या पायरीवर आणि कशामुळे फसला, ते लिहा.

हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरदाह आणि अल्सरला कारणीभूत ठरणाऱ्या, जठरातल्या जिवाणूची हकिकत पाहा. ऑस्ट्रेलियातल्या रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये जठराच्या बायोप्सीत वाकडे जिवाणू दिसले. पुढे तरुण डॉक्टर बॅरी मार्शल यांच्यासोबत १०० रुग्णांचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा पहिल्या तीसेक नमुन्यांतून हा जिवाणू वाढलाच नाही. दोन दिवसांत काही दिसलं नाही तर प्लेट (जिवाणू वाढवायची बशी) टाकून द्यायची, असा प्रयोगशाळेचा शिरस्ता होता. घशाच्या नमुन्यातल्या नेहमीच्या जिवाणूंना तेवढे दिवस पुरतात. हा मात्र सावकाश वाढणारा. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत प्लेट जवळपास पाच दिवस इन्क्युबेटरमध्येच (ऊबदार पेटीत) राहिली आणि तिच्यावर जिवाणूंच्या वसाहती दिसल्या.

बहुतेक जण ही गोष्ट ‘नशीब’ म्हणून सांगतात आणि तिची सगळी मजा घालवतात. दोन दिवसांचा शिरस्ता आधी सांगितला नसेल, तर सुट्टीतल्या पाच दिवसांना काही अर्थच उरत नाही. तुमच्या लेखातही आधी नियम, मग तो मोडला तो क्षण, असा क्रम ठेवा. मार्शल यांनी १९८४ मध्ये जिवाणूंचं द्रावण स्वतः प्यायलं, हा प्रसंग नाट्यमय खरा. पण त्यातून त्यांना जठरदाह झाला, अल्सर नव्हे. नाट्याच्या भरात असे तपशील घसरतात.

म्हणून आठवणीवर विसंबू नका. प्रयोगवही उघडून तारीख, तापमान, वेळ, मात्रा तिथूनच उतरवा. फसलेल्या आणि जमलेल्या प्रयोगांत नेमकं काय बदललं, ते शेजारी-शेजारी मांडा. तापमान आणि वेळ दोन्ही एकदम बदलली असतील तर तसंच लिहा, यश एकाच्या नावावर टाकू नका. आठ-नऊशे शब्दांच्या लेखात अशी एकच अडचण पुरते.

प्रश्न : लिहिताना काय टाळावं?

उत्तर : मसुदा सगळ्या सहलेखकांना दाखवल्याशिवाय छापायला देऊ नका, चूक कोणाची झाली हे वाक्य तर त्या व्यक्तीला आधी वाचायला द्या. परीक्षकांचे शेरे गोपनीय असतात, तेव्हा ते शब्दशः छापू नयेत. नियतकालिकातली आकृती वापरण्याआधी तिचा परवाना तपासा. निबंधात न आलेल्या पुढच्या कामावर पेटंट घ्यायचं असेल, तर तात्पुरता अर्ज आधी दाखल करा, कारण त्यापूर्वी छापून आलेला तपशील नावीन्यालाच बाधा आणू शकतो.

सह्याद्रीतल्या नव्या पाली, कोळी, ऑर्किड यांबद्दल लिहिणाऱ्यांनी नेमकी जागा देऊ नये. संग्राहक आणि तस्कर अशी माहिती वापरतात. जिल्ह्याचं नाव पुरे. फोटो देताना त्याच्या फाइलमध्ये आपोआप नोंदलेलं ठिकाणही पुसा. मजकुरात जपलेली जागा तिथून फुटू शकते.