रिपोर्ट टीएनडी आलाय, मग पोट का बिघडतं?

एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या केंद्रावर, हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. वर्षानुवर्षं नेमाने गोळी घेणारी माणसं, व्हायरल लोड टीएनडी, म्हणजे रक्तात विषाणू सापडलाच नाही, आणि तरी दोन दिवस पातळ शौचाला झालं की यांच्या काळजात धस्स होतं. त्यात मोबाईलवर कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ असतोच, की एचआयव्ही आतड्यात लपून बसतो, सगळी इम्युनिटी आतड्यातच असते, आणि शेवटी पावडरीच्या डब्याची जाहिरात. म्हणून एकदा सविस्तर लिहितेय.

सांगलीकडचे एक दादा, मालवाहू टेम्पो चालवणारे, पन्नाशीला आलेले (ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि त्यांना विचारूनच लिहितेय). गोळी कधी चुकवली नाही. पण लग्नात जेवणं बंद, पाहुण्यांकडे जाणं बंद, दही बंद मग परत सुरू, महिन्याला महागडा प्रोबायोटिकचा (पोटाला चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या जंतूंच्या पावडरीचा) डबा, आणि रात्री जेवल्यावर एआरटीच्या गोळीबरोबरच अँटासिड. डॉक्टरांनी शौच तपासली, सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. अवेळी जेवण, दिवसभर चहा आणि तंबाखू, एवढंच कारण दिसत होतं.

"रक्तात नाय म्हणताय मॅडम, पण आतड्यात हाय की."

मी त्यांना खोटा धीर दिला नाही, कारण त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. आपल्या शरीरातल्या संरक्षक पेशींचा सगळ्यात मोठा साठा आतड्याच्या अस्तरात असतो आणि लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच विषाणू तिथल्या सीडी4 पेशी (संरक्षक पेशींचाच एक प्रकार) मोठ्या प्रमाणात मारतो. कुंपण मोडल्यावर ढोरं शेतात शिरतात तसे आतड्यातल्या जंतूंचे अंश रक्तात झिरपायला लागतात आणि शरीरात बारीकशी सूज कायम राहते. गोळ्यांनी विषाणूची वाढ थांबते, रक्तातला सीडी4 वर येतो, पण आतड्यातली भरपाई हळू होते आणि बऱ्याच जणांत पूर्ण होत नाही. काही पेशींमध्ये विषाणू झोपलेला राहतो हेही खरं, म्हणूनच तर गोळी सोडली की काही आठवड्यांत तो परत उठतो. पण झोपलेला विषाणू वेगळा आणि वाढणारा वेगळा, आणि पोट बिघडलं म्हणजे तो उठला असा अर्थ होत नाही.

हे सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या भेटीला परत तेच विचारलं. माझा अनुभव असा आहे की माहिती पोचूनही भीती जागची हलत नाही तेव्हा ती भीती माहितीची नसतेच. माणूस घटनेला घाबरत नाही, घटनेला त्याने जो अर्थ चिकटवलाय त्याला घाबरतो, यावर माझा पक्का विश्वास आहे. म्हणून मी आतड्याचं बोलणं बाजूला ठेवलं.

"दादा, जुलाब लागून कुणाला जाताना बघितलंय का तुम्ही?"

बराच वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, "थोरला भाऊ. 2002 ला. तीन महिने हगवण थांबली नाय. शेवटी मीच उचलून न्यायचो त्याला मोरीत. काय वजनच नव्हतं."

"त्यांना गोळ्या होत्या?"

"तवा कुठल्या गोळ्या?"

सरकारी मोफत एआरटी 1 एप्रिल 2004 ला सुरू झाली. त्याआधी आपल्या गावागावांत किती घरांनी हेच बघितलंय, जुलाब लागले आणि माणूस गेला. मी त्यांचं एआरटीचं पुस्तक उघडून पुढे केलं आणि वजनाचा रकाना त्यांनाच वाचायला सांगितला. बोट ठेवत ठेवत वाचलं त्यांनी, 61, 62, 64, 64, 63, 64. मग परत वरून वाचलं. "म्हणजे मी भावाचा आजार मोजत होतो व्हय?" मी गप्प राहिले, कारण हे वाक्य त्यांच्या तोंडून यायला हवं होतं आणि ते आलं होतं. त्या दिवशी ते रडले, मोकळेपणाने. भावासाठी रडायला त्यांना तोवर जागाच मिळाली नव्हती, भाऊ कशाने गेला हे घराने लपवलेलं.

तुमच्यापैकी कुणाला ही काळजी असेल तर आधी स्वतःला विचारा, पोट बिघडलं की डोळ्यासमोर कोण येतं? ते कुणाशी तरी बोला, सेंटरवरच्या समुपदेशकाशी किंवा 1097 या मोफत हेल्पलाईनवर.

आता पोटाचं. प्रोबायोटिकच्या डब्यांचा एचआयव्हीत खात्रीचा फायदा अजून दिसलेला नाही, घरचं ताजं दही-ताक बहुतेकांना चालतं, मात्र सीडी4 फार कमी असेल तर असलं काहीही डॉक्टरांना विचारूनच. भाकरी, उसळ, भाज्या, उकळलेलं पाणी आणि वेळेवर जेवण यात पैसे घाला. तंबाखू, मिश्री, दारू सोडा, कारण ती बारीक सूज हृदयालाही त्रास देते, 2023 मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात एचआयव्ही असलेल्या लोकांमध्ये स्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या) गोळीने हृदयविकाराचा झटका आणि तसे मोठे त्रास 35 टक्क्यांनी कमी झाले, तेव्हा चाळिशीनंतर बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासून डॉक्टरांशी या गोळीबद्दल बोला.

आणि अँटासिड! तुमच्या गोळीत डोलुटेग्रॅविर असेल (आता बहुतेकांच्या असतं) तर अँटासिडबरोबर ती नीट शोषलीच जात नाही. गोळी अँटासिडच्या 2 तास आधी किंवा 6 तास नंतर घ्या. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्यांनाही हाच नियम, फक्त त्या जेवणासोबत एआरटीबरोबर चालतात. दादांचा व्हायरल लोड सुदैवाने बिघडला नव्हता, पण पोटाच्या भीतीने घेतलेलं अँटासिडच गोळीला अडवत होतं.

सगळंच मनाचं असतं असं मात्र समजू नका. पातळ शौच दोन-तीन आठवडे थांबत नसेल, वजन उतरत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, शौचातून रक्त जात असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता सेंटरला या. आतड्याचा टीबी आपल्याकडे भरपूर आहे, आणि वेळेत सापडला तर तो बरा होतो.