महागड्या स्पीकर केबलमुळे आवाजात खरोखर फरक पडतो का?

अँप्लिफायर आणि स्पीकर मिळून 70,000 रुपयांचा संच घेतल्यावर दुकानदार आपल्याला 22,000 रुपयांची केबल घ्यायला सांगत आहे आणि तिच्याशिवाय आवाज 'खुलणार' नाही असे त्याचे म्हणणे आहे, तर ती घ्यावी का, असे आपण विचारले आहे. घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्पीकरच्या तारेत सर्वांत महत्त्वाचा असतो तो तिचा रोध, आणि तो तांब्याच्या जाडीवर व लांबीवर ठरतो, किमतीवर नाही. इलेक्ट्रिशियन जिला 'अडीच एमएम' म्हणतात, त्या 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे 0.007 ओहम असतो. स्पीकर 5 मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन 10 मीटरचा रोध 0.07 ओहम होतो आणि 8 ओहमच्या स्पीकरवर आवाजाची पातळी त्यामुळे 0.1 डेसिबलहूनही कमी घटते. संचासोबत कधीकधी मिळणारी 0.5 चौरस मिलिमीटरची बारीक तार मात्र तेवढ्याच अंतराला 0.36 ओहमच्या आसपास जाते. स्पीकरवर छापलेला 8 ओहम हा आकडा नाममात्र असतो, कित्येक स्पीकरांत तो काही स्वरांना 4 पर्यंत उतरतो आणि काहींना 20 च्या वर चढतो. त्यामुळे बारीक तारेवर काही स्वर इतरांपेक्षा अर्ध्या डेसिबलहून अधिक दबतात, आणि सरावाच्या कानाला हे जाणवू शकते. म्हणजे फरक पडतो, पण तो जाडीचा. विक्रेते ज्या 'स्किन इफेक्ट'चा (उंच स्वरांचा विद्युतप्रवाह मुख्यतः तारेच्या पृष्ठभागालगत वाहण्याचा) दाखला देतात, त्याने उंच स्वरांना तारेचा रोध वाढतो हे खरे आहे, परंतु मूळचाच 0.07 ओहम असलेला रोध थोडा वाढून 0.1 च्याही आत राहतो.

मलाही एकदा फरक ऐकू आला होता. परिचितांकडून आणलेल्या महागड्या केबलवर तानपुऱ्याची जवारी, म्हणजे त्याच्या तारांचा झंकार, अधिक मोकळी वाटत होती आणि त्याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. नंतर बहिणीने नाणे उडवून, मी खोलीबाहेर असताना, केबल बदलायची आणि मी ओळखायचे, असे 16 वेळा केले. दोन्ही वेळी पातळी सारखी आहे ना, हे आम्ही स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून पाहिले. माझी 9 उत्तरे बरोबर आली. नुसत्या अंदाजाने 12 किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता 4 टक्क्यांहूनही कमी असते, तेव्हा 9 म्हणजे अंदाजच. मग पहिल्या दिवशी मी काय ऐकले? तीच चीज दुसऱ्यांदा ऐकताना लक्ष वेगळ्या जागी जाते, आणि किंचित मोठा आवाज नेहमी अधिक चांगला वाटतो. शिवाय मुंबई-कोकणाच्या दमट हवेत तारेची उघडी टोके हिरवट पडतात. ती सोलून पुन्हा घट्ट बसवली की खरीच सुधारणा होते, आणि तिचे श्रेय नव्या केबलला मिळते.

एक अपवाद नोंदवायला हवा. रेकॉर्ड प्लेअरला मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुईसोबत हलणाऱ्या चुंबकाने संकेत तयार करणारा भाग) असेल, तर प्लेअरपासून फोनो प्रीअँपपर्यंतच्या (तो क्षीण संकेत वाढवणाऱ्या उपकरणापर्यंतच्या) केबलची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, उंच स्वरांवर परिणाम करते आणि शिल्डिंग (बाहेरचा विद्युत अडथळा रोखणारे धातूचे आवरण) कच्चे असेल तर गुणगुण येते. तेथे आखूड आणि नीट शिल्ड असलेली केबल घ्यावी. तीही साधारण किमतीत मिळते. एचडीएमआय किंवा ऑप्टिकल केबलमधून आवाज डिजिटल स्वरूपात जातो, त्यामुळे ती बिघडली, तर आवाज तुटतो किंवा बंद पडतो. जवारी मंद होत नाही.

दुकानदार केबल परत घ्यायला तयार असेल, तर ती घरी आणून अडीच एमएमच्या साध्या तारेशी अशीच 16 वेळा ताडून पाहावी, आणि 12 उत्तरे बरोबर आली तरच पैसे द्यावेत.