उगमाबद्दल वाद असलेले रोजच्या बोलण्यातले शब्द आक्षेपार्ह मानावेत का?

आपला प्रश्न असा आहे की, ‘लुच्चा’, ‘बुद्धू’, ‘चांभारचौकशी’ यांसारखे शब्द कुठून आले याबद्दल अभ्यासकांतच एकमत नसताना ते वापरणाऱ्याला दोष देणे योग्य आहे का, आणि ‘लुच्चा’ म्हटल्याबद्दल मैत्रिणीने टोकल्यावर आपण तो शब्द सोडायला हवा होता का. मराठी मजकुराचे संपादन करताना हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार आला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपण हे तीन शब्द एका रांगेत बसवले आहेत, पण त्यांची जात एक नाही. ‘लुच्चा’ या शब्दाची एक व्युत्पत्ती अशी सांगितली जाते की, केस उपटून काढण्याचे जे व्रत जैन साधू पाळतात, त्या केशलोचाची ती कुचेष्टा आहे, आणि ‘नंगा-लुच्चा’ ही जोडी त्यासाठी पुरावा म्हणून पुढे केली जाते. ‘बुद्धू’मध्ये गौतम बुद्धांचा उपहास आहे असे काही जण मानतात, तर काही जण तो ‘बुद्धी’वरून उपरोधाने बनला असे म्हणतात. अशा शंका निराधार म्हणून झटकून टाकण्याजोग्या नाहीत, कारण भाषेत असे घडलेले आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाने आपल्या शिलालेखांत ‘देवानांप्रिय’ ही पदवी अभिमानाने मिरवली, आणि पुढच्या काळातील संस्कृत व्याकरणग्रंथांत तिचा अर्थ ‘मूर्ख’ असा नोंदवला गेला. त्याच शिलालेखांत ‘पासंड’ म्हणजे कोणताही धर्मपंथ, आणि सर्व पासंडांचा आदर राखावा असे अशोक सांगतो. आपल्याकडे त्याचाच ‘पाखंड’ होऊन बसला. पंथापंथांतील वैर शब्दांत साचून राहते, हे यावरून दिसते. तरीही आज ‘लुच्चा’ म्हणणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्याही मनात कोणताही साधू उभा राहत नाही. ज्या शब्दातून त्या समाजाकडे जाणारी वाट पूर्ण पुसली गेली आहे, तो वापरणाऱ्यावर द्वेषाचा आरोप करणे मला अन्यायाचे वाटते.

सांगोवांगीच्या व्युत्पत्तींबाबत तर अधिकच सावध राहावे. ‘पिकनिक’ हा शब्द अमेरिकेत कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारण्याच्या प्रसंगांवरून आला, असे सांगणारा मजकूर अनेक वर्षे फिरतो आहे. अशा हत्या पाहायला लोक सहकुटुंब जमत असत, हा इतिहास खरा आहे आणि तो भयंकर आहे. परंतु शब्द त्यातून आलेला नाही. फ्रेंच भाषेत तो सतराव्या शतकाच्या अखेरीसच नोंदला गेलेला आहे आणि त्याचा संबंध प्रत्येकाने आपापला वाटा आणून केलेल्या सहभोजनाशी होता. अशा खोट्या कथेमुळे खऱ्या अत्याचाराच्या स्मृतीचेच नुकसान होते, कारण कथा खोटी ठरली की ऐकणारा इतिहासावरही अविश्वास दाखवू लागतो.

‘चांभारचौकशी’चे प्रकरण मात्र वेगळे आहे. हा शब्द नेमक्या कोणत्या प्रसंगातून रूढ झाला, याची कोणतीही हकिकत खरी मानली तरी, नसत्या चौकशीच्या सवयीला एका जातीचे नाव लावलेले आहे ही गोष्ट बदलत नाही. ते नाव शब्दाच्या पोटात दडलेले नाही, उघड दिसते आहे, आणि ते धारण करणारी माणसे आपल्या कार्यालयात, वर्गात, शेजारी बसून तो शब्द ऐकत असतात. येथे उगमाचा वाद पुढे करणे ही मला पळवाट वाटते. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली स्वर्ण सिंग खटल्यात ‘चमार’ या शब्दाविषयी हेच म्हटले होते: शब्दाची व्युत्पत्ती काय होती हे न पाहता, लोकव्यवहारात त्याला आज कोणता अर्थ चिकटला आहे हे पाहिले पाहिजे. तेथे प्रश्न अपमानाच्या हेतूने जाहीरपणे उच्चारलेल्या शब्दाचा होता. एखादा वाक्प्रचार सवयीने तोंडातून निघणे हा गुन्हा आहे, असे मी मुळीच सुचवत नाही. पण आक्षेपार्हता ठरवण्याची ती कसोटी मला बरोबर वाटते.

याच वर्गातला ‘धेडगुजरी’ हा शब्द मी स्वतः वर्षानुवर्षे वापरला. सदोष अनुवादाची भाषा दाखवायला तो इतका सोयीचा वाटे की, त्याच्या पहिल्या अर्ध्या भागात अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका समाजाचे तुच्छतेने घेतलेले नाव आहे, हे मला कधी ऐकूच आले नव्हते. एका तरुण सहकाऱ्याने माझ्या टिपणात त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढून, ‘हा शब्द मी घरी मोठ्याने वाचू शकणार नाही,’ एवढेच लिहिले होते. त्याचे मला आजही वाईट वाटते. शब्द बदलायला काहीच अडचण आली नाही. ‘भेसळीची भाषा’ या शब्दांत माझे म्हणणे पूर्ण मावले.

सर्वांत अवघड उदाहरण मला ‘भामटा’ हे वाटते. फसवणाऱ्यावरून समाजाला नाव पडले की समाजाच्या नावावरून फसवणाऱ्याला, यावर वाद घालता येईल. पण इंग्रज सरकारने 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून काही समाजांना जन्मानेच गुन्हेगार ठरवण्याची पद्धत सुरू केली, तो कायदा 1952 साली रद्द झाला, आणि महाराष्ट्रातील विमुक्त जातींच्या यादीत ‘भामटा’ व ‘राजपूत भामटा’ ही नावे आजही आहेत. ज्या मुलाच्या जातीच्या दाखल्यावर हा शब्द छापलेला असतो, त्याला बातमीतील ‘भामट्याने गंडा घातला’ हे वाक्य कसे वाचावे लागत असेल, याचा विचार केल्यापासून मी तेथे ‘ठकसेन’ किंवा सरळ ‘फसवणूक करणारा’ असे लिहितो.

उगम पूर्णपणे निर्मळ असूनही शब्द दुखवू शकतो, हेही लक्षात घ्यावे. ‘भैया’ म्हणजे भाऊ, एवढाच त्याचा मूळ अर्थ. तरी परप्रांतीय श्रमिकाला तो ज्या स्वरात फेकून मारला जातो, त्या स्वरात भावाचे काही उरलेले नसते.

म्हणून ‘चांभारचौकशी’ आपण सोडावी, असे मी आग्रहाने सांगेन; ‘नसती उठाठेव’ आणि ‘भोचकपणा’ हे शब्द आपल्या हाताशी आहेतच. ‘लुच्चा’ आपण वापरलात म्हणून आपली चूक झाली, असे मला वाटत नाही. मात्र आपली मैत्रीण स्वतः जैन असेल आणि तिला तो शब्द खरोखर बोचत असेल, तर तिच्याशी व्युत्पत्तीचा वाद घालू नये. तिच्यासमोर तेवढा तो शब्द टाळावा, आणि तिला तो कोणाकडून, कोणत्या प्रसंगी ऐकावा लागला, हे एकदा तिलाच विचारावे.