सीमेपलीकडे गळ टाकताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सुपिरिअर, ह्युरॉन, ईरी आणि ऑन्टारिओ या चारही सरोवरांच्या मधून अमेरिका-कॅनडा सीमा जाते. ह्युरॉन आणि ईरीच्या मधलं छोटं सेंट क्लेअर सरोवरही तिने असंच दुभागलं आहे. डेट्रॉइट, क्लीव्हलंड, बफेलो, टोरांटो या पट्ट्यातल्या कितीतरी मराठी घरांत आता बोट आहे, गळ आहेत. उन्हाळा आला की पत्रं येतात, आणि बहुतेक पत्रांत एकच गल्लत असते. बोट कुठे थांबली हे कस्टम्स विचारतं. गळ कुठल्या पाण्यात आहे हे मासेमारी खातं विचारतं. तुमच्या पासपोर्टवर काय आहे हे इमिग्रेशन विचारतं. एकाला दिलेलं उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

प्रश्न : आम्ही मित्राच्या बोटीने सेंट क्लेअर सरोवरात जातो. मासे पलीकडच्या बाजूला जास्त लागतात. कुठे उतरत नाही, संध्याकाळी परत येतो. कॅनडाला कळवावं लागतं का? मी एच-वन-बी वर आहे, कॅनडाचा व्हिसा नाही. (ट्रॉय, मिशिगन)

पूर्वी कळवावं लागायचं. २०११ मध्ये सेंट लॉरेन्स नदीतल्या थाउजंड आयलंड्स भागात एका अमेरिकन गळकऱ्याची बोट कॅनडाने याच कारणावरून जप्त केली आणि त्यावरून दोन्ही काठांवर बराच गदारोळ झाला. पुढे २०१७ मध्ये कॅनडाने कायदा बदलला. आता तुम्ही कॅनडाच्या पाण्यात शिरून तसेच बाहेर पडलात तर कळवायची गरज नाही. अट अशी की किनाऱ्याला लागायचं नाही, नांगर टाकायचा नाही, बोट कुठे बांधायची नाही आणि दुसऱ्या बोटीशी संपर्क करायचा नाही. परतताना अमेरिकेचा नियमही साधारण याच धर्तीचा आहे. अधिकारी मात्र कुठेही थांबवून चौकशी करू शकतात.

लोक घसरतात ते नांगरावर. वाऱ्याबरोबर वाहत किंवा हळूहळू चालत गळ ओढलात तर ठीक. पर्च माशांचा थवा सापडला म्हणून दहा मिनिटांसाठी नांगर सोडलात की तुम्ही कॅनडात 'आलात'. दुसरी चूक ओळखीच्या बोटीची. विंडसरहून आलेला मावसभाऊ शेजारी बोट लावतो, डब्यातल्या पुरणपोळ्या इकडून तिकडे जातात, आणि तोही संपर्कच ठरतो.

आता तुमच्या व्हिसाबद्दल. माझं मत स्पष्ट आहे : कॅनडाचा व्हिसा नसेल तर रेघेच्या अलीकडेच राहा. कस्टम्सला कळवायची सूट म्हणजे व्हिसाची सूट नव्हे. इंजिन बंद पडलं, वारा फिरला आणि बोट पलीकडच्या काठाला लागली, तर तुम्ही कागदांशिवाय परक्या देशात उभे असता. परतताना आय-९४ (अमेरिकेत परदेशी माणसाच्या प्रवेशाची नोंद) लागणाऱ्यांना सहसा अधिकाऱ्यासमोर प्रत्यक्ष हजर व्हावं लागतं, नुसत्या फोनवर भागत नाही. ग्रीन कार्डवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पण वैध पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही बोटीवर हवं, आणि तेही पाणी न शिरणाऱ्या पिशवीत.

जिवावर बेतलं तर मात्र कागदांचा विचार करत बसू नका. व्हीएचएफ रेडिओवर चॅनेल १६ लावा, मदत मागा, जवळचा काठ गाठा, मग सीमा अधिकाऱ्यांना फोन करा.

प्रश्न : माझ्याकडे ऑन्टारिओ प्रांताचा मासेमारी परवाना आहे. ईरी सरोवरात अमेरिकेच्या बाजूला गेलो तर तो चालेल का? आणि कोल्हापूरहून आलेले माझे ६८ वर्षांचे वडील सोबत आहेत. पासष्टच्या वरच्यांना ऑन्टारिओत परवाना लागत नाही ना? (मिसिसागा)

नाही चालणार. परवाना पाण्याचा असतो, माणूस कुठून आला याचा नाही. गळ अमेरिकेच्या पाण्यात पडला की त्या राज्याचा परवाना हवा. आणि ईरीच्या अमेरिकन बाजूला न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि मिशिगन अशी चार राज्यं आहेत. त्यांच्याही रेघा पाण्यातून जातात. मासा लगेच सोडून देणार असाल तरी परवाना लागतोच. या रेघांवर पाण्यात कुठे पाटी नसते, त्यामुळे जीपीएसच्या नकाशावर सीमा ठळक करून ठेवा आणि तिच्या अलीकडे थोडं अंतर राखा. मासा खेचण्याच्या नादात बोट कधी पलीकडे वाहत गेली ते कळत नाही.

वडिलांबद्दल तुमचा समज अगदी सार्वत्रिक आहे, पण चुकीचा आहे. पासष्टच्या वरची सूट कॅनडात राहणाऱ्यांसाठी आहे. भारतातून फिरायला आलेल्या आजोबांना बिगर-रहिवाशांचा परवाना घ्यावा लागतो. एका दिवसाचा परवाना मिळतो, त्याला वेगळं आउटडोअर्स कार्ड (ऑन्टारिओचं मासेमारी-शिकारीचं ओळखपत्र) लागत नाही. दोन तासांच्या हौसेला तो पुरेसा आहे. त्यांना अमेरिकेच्या बाजूला न्यायचं असेल तर आधी त्यांच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे का ते बघा. फक्त कॅनडाच्या व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला पाण्यावरूनही पलीकडे नेऊ नये.

अठरा वर्षांखालच्या पाहुण्या मुलांचं सोपं आहे. ऑन्टारिओत परवानाधारक मोठ्या माणसाबरोबर ती विनापरवाना गळ टाकू शकतात, फक्त त्यांचे मासे त्या मोठ्या माणसाला किती मासे ठेवता येतात त्या मर्यादेत मोजले जातात.

प्रश्न : मिशिगनमध्ये विकत घेतलेले जिवंत छोटे मासे आमिष म्हणून ऑन्टारिओत नेता येतात का? (अ‍ॅन आर्बर)

अजिबात नाही. जिवंत मासे, जळवा, क्रेफिश यांतलं काहीही आमिष म्हणून ऑन्टारिओत आणायला बंदी आहे. हा नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या सरोवरांनी परक्या जीवांपायी फार सोसलं आहे. झेब्रा शिंपला १९८८ मध्ये याच सेंट क्लेअर सरोवरात पहिल्यांदा सापडला. जहाजांनी वजनासाठी भरून आणलेल्या पाण्यातून तो आला असं मानलं जातं. दोनच वर्षांनी सेंट क्लेअर नदीत गोल गोबी मासा दिसला, आणि आता तो मिशिगन सरोवर धरून पाचही मोठ्या सरोवरांत आहे. २००५ च्या सुमारास माशांना रक्तस्राव घडवणारा व्हीएचएस हा विषाणू इथे आढळला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत किनाऱ्यांवर मेलेल्या माशांचे खच पडले. आमिषाच्या बादलीतून असा विषाणू एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात सहज जातो. मासा दिसायला ठणठणीत असतो, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही.

गांडुळं चालतात, पण मातीतली नाहीत. कागदाच्या लगद्यात किंवा तशाच कृत्रिम भरणात ठेवलेली हवीत. सगळ्यात बरं हे, की आमिष पलीकडे पोचल्यावर तिथल्या दुकानातून घ्यावं आणि पावती खिशात ठेवावी. परत निघताना बादलीतलं पाणी सरोवरात ओतू नका, ते किनाऱ्यापासून लांब जमिनीवर ओता. बोटीचा तळ, ट्रेलर, जाळी सगळं कोरडं करून मगच दुसऱ्या पाण्यात उतरवा.

प्रश्न : दोन्ही बाजूंचे परवाने असतील तर दोन्हीकडची मर्यादा भरून मासे आणता येतील का? आणि बोटीवरच साफ करून बर्फात ठेवले तर? (टोलेडो)

ओहायोच्या ईरीत वॉलआय या माशाची रोजची मर्यादा सहा आहे आणि मासा किमान पंधरा इंच हवा. सहा इथले आणि वर तिथले असा हिशेब करू नका. माशाच्या अंगावर तो कुठल्या पाण्यातला ते लिहिलेलं नसतं, आणि तपासणीत ते सिद्ध करणं तुमच्या गळ्यात येतं. एका बाजूचे मासे आधी घरी पोचवा, मग दुसऱ्या बाजूला जा.

बोटीवर मासे कापू नका. ऑन्टारिओत जात ओळखता आली पाहिजे, नग मोजता आले पाहिजेत आणि लांबीचा नियम असेल तिथे लांबीही मोजता आली पाहिजे. किनाऱ्यावर कापल्यावर प्रत्येक तुकड्यावर कातडीचा एक पट्टा राहू द्या, तुकडे सुटे आणि सपाट गोठवा. सगळ्यांचा एक गोळा करून गोठवलात तर अधिकाऱ्याला मोजता येत नाही आणि दंड तुम्हाला होतो. कातडी तशीही ठेवावी. आगळ-हळद लावून रव्यात घोळवलेला वॉलआय कातडीसकट तव्यावर जास्त चांगला लागतो.

प्रश्न : आम्ही लेक ऑफ द वूड्सला जातोय. नॉर्थवेस्ट अँगलला बोटीने जाताना कॅनडा लागतो का? उतरायचं असेल तर काय करायचं? (मिनिआपोलिस)

१७८३ च्या तहात नकाशा चुकला आणि सरोवरापलीकडचा हा तुकडा मिनेसोटाला मिळाला. रस्त्याने जायचं तर मॅनिटोबातून जावं लागतं. पाण्यातून मात्र अमेरिकेच्या हद्दीत राहूनच तिथे पोचता येतं. सरोवर अफाट आहे, वाऱ्याचा अंदाज बघूनच निघा.

कॅनडाच्या बेटावर उतरायचं असेल तर नेमून दिलेल्या जागी बोट लावा. बोट चालवणाऱ्याने एकट्याने उतरून कॅनडाच्या सीमा खात्याला १-८८८-२२६-७२७७ वर फोन करायचा. परवानगी मिळेपर्यंत बाकीच्यांनी बोटीवरच बसायचं, पोरांनीसुद्धा. प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, नागरिकत्व, किती दिवस राहणार, दारू-तंबाखू-हत्यार काय आहे, हे विचारतात. शेवटी एक नोंदणी क्रमांक देतात, तो कागदावर लिहून घ्या. गांजा कॅनडात आणि मिनेसोटाच्या कायद्याने चालत असला तरी सीमेपार नेणं गुन्हाच आहे.

अशा दुर्गम भागातून कॅनडात शिरायला वर्षाचा परवाना मिळायचा, त्याचे नवे अर्ज २०२४ पासून बंद आहेत. त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून जाऊ नका, फोनच करा. परतल्यावर अमेरिकेला तिथल्या सीमा-कस्टम्स खात्याच्या सीबीपी रोम या अ‍ॅपवरून कळवता येतं. ते घरीच फोनमध्ये घालून सगळ्यांची माहिती भरून ठेवा, कारण त्या सरोवरात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते.