बीडला ऊसतोड बायकांच्या आरोग्याच्या सर्व्हेला निघालीस, तर एवढं ऐक

दिवाळीनंतर गावात गेलीस तर म्हातारीकोतारी आणि लेकरंच भेटतील. बाकी सगळे साखर कारखान्याच्या फडावर, ऊस तोडायला. तिथेच, पालावर जा.

फॉर्ममधला ‘आजार कोणता’ हा प्रश्न नंतर. आधी विचार, पाणी कुठून आणता? आडोसा कुठे आहे? खाडा झाला, म्हणजे एखादा दिवस काम बुडलं, तर मुकादम (टोळी नेणारा ठेकेदार) किती कापतो? नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, दोघांच्या नावावर. एक दिवस बसलं तरी दंड. मग पाळीच्या दिवसांतही बाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढते, अंगावर पांढरं जातं ते दुखणं अंगावरच काढते. शेवटी कुणीतरी ‘पिशवी (गर्भाशय) काढून टाक’ सांगतं. पिशवी काढलेल्या, तिशीही न ओलांडलेल्या बायका सापडतील, दचकू नकोस. (निदान चेहऱ्यावर दाखवू नकोस.)

2019 मध्ये हे गाजलं, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, जिल्ह्यात शस्त्रक्रियेआधी सिव्हिल सर्जनची परवानगी आली. चांगलंच झालं. पण परवानगी डॉक्टरला आवरते, खाड्याचा दंड तसाच राहतो. म्हणून रिपोर्ट आरोग्य खात्यापुरता लिहू नकोस. साखर आणि कामगार खात्यालाही त्यात ओढ.