सवंग: महागाचं सख्खं भावंड

प्रश्न साताऱ्याहून आला आहे. आठवडे बाजार उठायच्या वेळी, दिवेलागणीला मेथीच्या पेंड्या आणल्या म्हणून जाऊबाई म्हणाल्या, "काय या सवंग सवयी!" त्याच पेंड्या बघून सासूबाई म्हणाल्या, "लई सवंग मिळाली की गं!" एकीने नाक मुरडलं, दुसरीने शाबासकी दिली, शब्द मात्र एकच. तेव्हा सवंग हा शब्द चांगला की वाईट, आणि 'सवंग खर्च' असं म्हणता येतं का, असं विचारलं आहे.

ताई, सासूबाईंचा वापर जुना आणि बिनचूक आहे. जाऊबाईंचा नवा आहे आणि त्याने शब्दाचं वाटोळं केलं आहे. सवंग विनोद, सवंग लोकप्रियता, सवंग करमणूक एवढंच हल्ली कानावर पडतं, आणि त्यामुळे कमी किमतीत वस्तू आणणारा माणूसच सवंग ठरायला लागला आहे. भाजी सवंग असू शकते. ती आणणारी बाई सवंग कशी असेल? तिची किंमत कुणी लावली? शिकलेली माणसं हा घोळ करतात आणि वर खेड्यातल्या म्हातारीला 'सवंग नाही, स्वस्त म्हणावं' असं सुधारतात, याचा राग येतो. म्हातारीचा शब्द संस्कृतातून प्राकृतातून सरळ चालत आलेला आहे, आणि त्याची चाल बघण्यासारखी आहे.

संस्कृतात किमतीला शब्द आहे अर्घ. मोठा अर्घ तो महार्घ, आणि माफक किंवा सारखा अर्घ तो समर्घ. महार्घाचं झालं महाग. समर्घाचं झालं सवंग. ही सख्खी भावंडं आहेत. गुजरातीत ती आजही हातात हात घालून हिंडतात: मोंघुं आणि सोंघुं. आपल्याकडे महागाई रोज पेपरात असते, सवंगाई मात्र गावाकडच्या तोंडीच उरली.

आता टप्पे बघा. र्घ हे जोडाक्षर प्राकृतात ग्घ होतं. पालीत किमतीला अग्घ म्हणतात, महाग ते महग्घ आणि कमी किमतीचं ते अप्पग्घ. पुढे मराठीत जोडाक्षर सुटं होतं आणि आधीचा स्वर लांबतो, म्हणून महग्घचं महाग. सातारा-सांगलीकडे बोलताना म्हाग, म्हागाई होतं, तो पुढचा टप्पा.

सवंगाची वाट थोडी वळणाची आहे. दोन स्वरांमधल्या म चा मराठीत व होतो आणि जाताना तो नाकातला उच्चार मागे ठेवून जातो. ग्रामचं गांव, नामचं नांव, आमलकाचा आंवळा, श्यामलाचा सांवळा, कोमलाचा कोंवळा. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे उच्चारात न राहिलेले अनुस्वार लिहिण्यातूनही गेले, त्यामुळे आजच्या पोरांना गावावरचा टिंब माहीतच नाही. समग्घमधल्या म चंही हेच झालं, पण त्याचा अनुनासिक मागच्या स्वरावर न बसता पुढच्या गकाराला जाऊन चिकटला. म्हणून तो स्पष्ट उच्चारात राहिला, आणि नियम बदलले तरी टिकला. गाव, नाव, आवळा यांनी गमावलेलं नाक सवंगाने अजून सांभाळलं आहे. सवंग लिहिताना जो टिंब देता, तो समर्घातला म आहे.

मग गुजरातीत घ आणि आपल्याकडे ग, हे कसं? मराठीत वाघ आहे, जांघ आहे, म्हणजे शेवटचा घ आपल्याला जड जात नाही. माझं मत असं आहे की आधी महाग बदललं. महाघ म्हणताना ह आणि घ असे दोन महाप्राण, म्हणजे जोराने श्वास सोडून म्हणायचे वर्ण, लागोपाठ येतात, त्यातल्या दुसऱ्याचा जोर गळला. सवंघमध्ये मात्र गळायला काहीच कारण नव्हतं. ते गळलं जोडीदाराच्या संगतीने. महाग-सवंग ही जोडी बाजारात कायम एका श्वासात म्हटली जाते, आणि अशा जोडशब्दांत एकाचा शेवट दुसऱ्याला लागतो. या तर्कावर काही अभ्यासक 'पुरावा काय' म्हणून अडून बसतात. पुरावा जोडीतच आहे. नाहीतर जांघेचा घ राहिला आणि सवंगाचा गेला, याचं दुसरं कारण त्यांनी द्यावं.

काही जण सवंगाचा संबंध स्वांगाशी जोडतात: सोंग घेऊन मिळवलेली ती सवंग लोकप्रियता. हे ऐकायला छान आहे आणि साफ चूक आहे. स्वांगाचं मराठीत सोंग झालंच आहे, तो शब्द घराघरात आहे. त्याच स्वांगाचं पुन्हा सवंग करायला भाषेला कारण काय पडलं होतं? शिवाय सोंगवाल्यांना भाजी सवंग कशी होते ते सांगता येत नाही. आजच्या लाक्षणिक अर्थावरून मूळ काढायला निघालं की असंच होतं. आधी जुना, साधा, बाजारातला अर्थ बघायचा असतो.

तीच गोष्ट स्वस्तची. हा शब्द दिसतो संस्कृत, म्हणून शिष्ट वाटतो. पण कमी किमतीचं या अर्थाने संस्कृतात स्वस्त नाही. हिंदीत सस्ता, गुजरातीत सस्तुं, व कुठेच नाही. आपल्याकडचा व स्वस्थ आणि स्वस्ति यांच्या ओळखीने आत शिरला असं मला ठाम वाटतं. म्हणजे सुधारणारे ज्याला शुद्ध म्हणून पुढे करतात तो शब्द संस्कृताचे कपडे घातलेला, आणि ज्याला गावंढळ म्हणतात तो खरा संस्कृताच्या घरातला.

आणि घर कुठलं? अमरकोशात म्हटलं आहे, मूल्ये पूजाविधावर्घः. अर्घ म्हणजे किंमत आणि अर्घ म्हणजे पूजेतला उपचारही. पाहुण्याला किंवा देवाला मान म्हणून जे पाणी द्यायचं ते अर्घ्य. ज्याची किंमत होऊच शकत नाही ते अनर्घ्य. पात्र असणे या अर्थाचा अर्ह, म्हणजे पूजार्ह, दंडार्ह यांतला, हाही याच कुळातला. संध्येत सूर्याला दिलेलं अर्घ्य आणि बाजारातली सवंग मेथी एका धातूची लेकरं आहेत. हे एकदा कळल्यावर सवंग ही शिवी म्हणून वापरवत नाही.

किमतीबद्दल जुने लोक किती नीट विचार करत, ते कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दिसतं. दुसऱ्या अधिकरणात पण्याध्यक्षाची, म्हणजे व्यापारावरच्या अधिकाऱ्याची कामं सांगितली आहेत. मालाचं सारफल्गु, अर्घान्तर आणि प्रियाप्रियता त्याने जाणावी, असं तिथे आहे. सार म्हणजे कसदार, फल्गु म्हणजे निकस. अर्घान्तर म्हणजे भावातला फरक. प्रियाप्रियता म्हणजे लोकांना काय आवडतं, काय नाही. तीन वेगळ्या गोष्टी, तीन वेगळे शब्द. आज आपण तिन्ही एका सवंगात कोंबतो: भाव कमी, म्हणजे माल निकस, म्हणजे घेणारा खालचा.

सांगलीच्या बाजारात उभं राहिलं तर ही तिन्ही अंगं डोळ्यांनी दिसतात. गुळाचंच घ्या. पिवळाधमक रवा, म्हणजे गुळाची ढेप, चढ्या भावाने जातो, काळपट रवा उतरत्या भावाने. पण काळपट होण्याची कारणं दोन जातीची असतात. पहिलं कारण, रस काहिलीत आटवताना भेंडीच्या पाण्याने नुसती मळी काढली, रंग उजळायला हायड्रॉस नावाची रासायनिक पूड टाकली नाही. हा गूळ रंगाने गडद, चवीला उत्तम. दुसरं कारण, ऊस खारवट जमिनीतला किंवा पाक जास्त तापला. गुळाचा पाक साधारण 116 ते 118 अंशांवर उतरवतात, त्यापुढे गेला की करपट वास येतो. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ जिभेला खारा लागतो, रवा घट्ट बसत नाही आणि पावसाळ्यात पाझरतो. पहिला नुसता सवंग आहे, दुसरा फल्गु आहे. नखाने खरवडून एक खडा जिभेवर ठेवला तरी फरक कळतो. गंमत अशी की तोच गडद गूळ आता सेंद्रिय म्हणून पिवळ्यापेक्षा चढ्या भावाने शहरात विकला जातो. वर्षानुवर्षं काळा गूळ घरात आणणारी माणसं हलकी ठरली होती. सार तेच राहिलं, प्रियता फिरली आणि तिच्यामागे अर्घ फिरला.

तासगावकडचा बेदाणाही असाच. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा पडतो. घड लिटरला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑइल अशा पाण्यात दोन-चार मिनिटं बुडवून शेडमधल्या रॅकवर सावलीत वाळवतात. या पाण्याने सालीवरचा मेणाचा थर मोडतो, ओल लवकर सुटते आणि रंग हिरवट राहतो. वाळण्याच्या दिवसांत अवकाळी पाऊस किंवा दमट हवा आली की ओल अडकते, वाळण लांबते आणि मणी तपकिरी-काळा पडतो. भाव कोसळतो. खिरीत, शिऱ्यात टाकायला हा बेदाणा घेणारी गृहिणी काही वाईट खात नाही. फक्त मणी चिकट झालेला नाही ना, वास आंबूस नाही ना, एवढं बघायचं. हिरव्या रंगाचे जादा पैसे रंगाचे असतात.

मेथी तर पालेभाजी. सकाळी तोडलेली पेंडी संध्याकाळपर्यंत ओल गमावते, आणि शेतकऱ्याला ती परत न्यायची नसते, शेवटची एसटी गाठायची असते. म्हणून भाव उतरतो. थोडं सारही उतरलेलं असतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पेंडी सोडून आतल्या काड्या बघाव्यात, कारण कुजायला सुरुवात मधूनच, बांधाच्या जागी होते. देठ मोडल्यावर कट्कन आवाज आला तर भाजी चांगली. वाकला तर त्याच रात्री करून टाकायची, फडक्यात गुंडाळून ठेवायची नाही. हे ज्ञान आहे. ज्याला अर्घ आणि सार वेगळे कळतात तोच संध्याकाळी बाजार करू शकतो.

शब्दाला शिवीचा रंग चढला तो इंग्रजीतल्या चीपमुळे, असं माझं मत आहे. चीप पॉप्युलॅरिटीचं भाषांतर करताना कुणीतरी सवंग उचलला, आणि सभा-भाषणांतून तोच अर्थ घरात आला. स्वस्त लोकप्रियता कुणी म्हटलं नाही, कारण स्वस्तला रोज वाणसामानात काम होतं. सवंग शहरात रिकामा बसला होता.

'सवंग खर्च' म्हणू नये. सवंग वस्तू असते, दर असतो, फार तर बाजार असतो. खर्च थोडा किंवा फार, वाजवी किंवा उधळा. आणि सवंग सवय म्हणणंही व्याकरणाने नव्हे पण अर्थाने चूक. सवय विकत मिळत नाही.

माणसाला नावं ठेवायला या भागात खरा चालणारा शब्द हलका आहे. 'हलक्यातली साडी', 'हलक्यातला चहा', आणि मग 'हलकी माणसं'. संस्कृत लघुक, प्राकृतात लहुअ, आणि ल-ह ची अदलाबदल होऊन हलुअ. ही अदलाबदल हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात नोंदवली आहे. हळू आणि हळुवार त्याच घरातले, त्यामुळे हा शब्दही मुळात वाईट नाही, नुसता वजनाचा आहे. याच्या समोरचा भारी. भारी म्हणजे महाग हा अर्थ जरीच्या लुगड्यावरून आला असावा असं मी मानतो, कारण जरीत चांदी जास्त तर लुगडं हाताला जड आणि किंमतही जड. 'लय भारी' म्हणणाऱ्या पोराच्या तोंडात तोच तराजू आहे.

एकावेळी दहा रुपयांचं सामान नेणाऱ्याला किरकोळ गिऱ्हाईक म्हणतात, तेव्हा तर शब्द संस्कृताचाही नाही. तो कन्नडमधला. किरु म्हणजे लहान, हे जत-मिरजेकडच्यांना सांगायला नको. काही पंडित त्यालाही ओढूनताणून संस्कृत मूळ शोधतात. कृष्णेच्या खोऱ्यात दोन भाषा शेजारी नांदल्या, एकाच पेठेत माल घेतला-दिला, त्या पेठेतले शब्द बनारसहून कशाला यायला हवेत? आजच्या कन्नडमध्ये किरुकुळ म्हणजे छळ, जाच. बारीकसारीक कटकटीवरून तिकडे अर्थ गेला. मराठीत तोच शब्द सुट्या विक्रीला लागला, घाऊकच्या विरुद्ध. लहान लहान भागांत विकणं, एवढाच त्याचा अर्थ. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात सामान रोजच्या पैशांतच यायचं, म्हणून ते लहान भागांत येतं. पेठेतल्या दुकानदारांची विक्री अशाच गिऱ्हाइकांवर उभी असते.