डॉक्टरांनी आजाराचं नाव बदललं, म्हणजे ते चुकले का?

कळव्याहून लिहिणाऱ्या मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दिवाळीनंतर भाऊ तीन रात्री झोपला नाही, सुसाट बोलत सुटला, हजारोंची खरेदी केली. मग दोन महिने अंथरुणातून उठेना. आता जेवतो, कामावर जातो, पण महिनाभर खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं. समोरच्या बिल्डिंगमधले आपल्याबद्दल बोलतात, ते ऐकू येतं म्हणतो. डॉक्टर आधी बायपोलर म्हणाले, म्हणजे कधी उन्माद तर कधी उदासी; आता स्किझोअफेक्टिव्ह म्हणतात. ते चुकले का, असं तू विचारतेस.

मला तसं वाटत नाही. बायपोलरमध्येही भास होतात, पण ते सहसा उन्माद किंवा उदासी टोकाला गेलेली असतानाच. मन ताळ्यावर आलं की तेही ओसरतात. स्किझोअफेक्टिव्हमध्ये उन्माद-उदासी आजाराचा बराच काळ व्यापतात, आणि शिवाय मन ठीक असतानाही निदान दोन आठवडे भास किंवा भलते संशय टिकलेले असतात. एका भेटीत हे कुणाला कसं दिसणार? तो खिडकीचा महिना दिसला, म्हणून नाव बदललं असावं.

तेव्हा एक कर. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहितो तशी रोजच्या चौकोनात नोंद ठेव: झोप किती, मूड कसा, आवाज आले का. आणि ते पान ओपीडीत घेऊन जा. औषधं मात्र मनाने बंद करू देऊ नकोस, बरं वाटत असलं तरी. लिथियम चालू असेल तर रक्ततपासणी चुकवू नका.

त्याच्याशी वाद घालू नकोस. 'कुणी बोलत नाही' म्हणालीस की तो एकटा पडतो. 'मला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय,' एवढं म्हण. आवाज जिवाचं बरंवाईट करायला सांगू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१पासून आहे, तिथे जायची लाज नको. फोनवर बोलायचं तर १४४१६ हा सरकारी टेलि-मानस नंबर चोवीस तास मोफत आहे.

राहिली आई. तिला हे 'बाहेरचं' वाटतं म्हणून तिच्यावर चिडू नकोस गं. रात्री तो उठला की जाग तिलाच येते ना? मग झोपेचे चौकोन तिलाच भरू दे.

— तुझी मावशी